ओहोटीची शाळा
वसई-विरारच्या किनाऱ्यावर मुलांना केव्हा न्यावे, काय दाखवावे आणि कधी परत फिरावे

पिकते तिथे विकत नाही, असे आपण म्हणतो. समुद्राच्या बाबतीत ते अगदी खरे आहे. वसई तालुक्यात केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला पिकवणारी कितीतरी घरे समुद्रापासून दोन-तीन मैलांवर आहेत. रात्री गाव निजले की लाटांचा आवाज अंथरुणात ऐकू येतो. पण त्याच घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारा, ‘बाळ, अर्नाळ्याच्या वाळूत त्या बारीक बारीक गोळ्या कोण करून ठेवतो रे?’ तो तुमच्या तोंडाकडे पाहील. टीव्हीवर देवमासा त्याने पाहिलेला असतो, पण घराजवळच्या वाळूतला खेकडा त्याच्या ओळखीचा नसतो.

दोष मुलांचा नाही. आपण त्यांना समुद्रावर नेतो ते सुटीच्या दिवशी, संध्याकाळी, भेळ खायला. त्या वेळी भरती आहे की ओहोटी, हेसुद्धा आपण पाहत नाही. पाणी आले तर पाय भिजवायचे, गेले तर वाळूत किल्ला करायचा, आणि घरी. शेतात जायचे आणि पीक न पाहता बांधावर बसून परत यायचे, तसलाच हा प्रकार.

वाचकहो, तुमच्यापैकी काहींना समुद्र जवळ आहे. काही जण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात राहतात, काही त्याहून दूर, आणि पोरांना वर्षातून एकदाच समुद्र दाखवतात. सगळ्यांसाठीच हा लेख आहे. किनारा ही एक शाळा आहे. तिची घंटा मात्र घड्याळावर होत नाही, तिथीवर होते. ती घंटा ऐकायला शिकल्याशिवाय त्या शाळेत मुलांना पाठवू नये. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी फजिती झाली, तेव्हा शिकलो.

माझी फजिती

साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता, तो २०१४ साली झाला. हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. मी नोकरीत नवा, बी. एस्सी. ॲग्रीची पदवी ताजी, आणि आपल्याला सगळे कळते असे वाटण्याचे वय. मे महिन्याच्या सुटीत भावाची दोन मुले आणि शेजारची पाच अशी सात पोरे घेऊन मी सकाळी किनाऱ्यावर गेलो. वैशाखी पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. पाणी इतके आत गेले होते की लाटांची पांढरी रेघ तेवढी दूरवर दिसत होती.

आम्ही चालत चालत आत गेलो. वाटेत गुडघ्याएवढा खोलगट चर लागला, त्यात घोट्याएवढे पाणी होते. तो ओलांडून पलीकडच्या वाळूच्या उंचवट्यावर पोचलो. तिथे शंख-शिंपल्यांची चंगळ होती. मुले हरखून गेली, आणि खरे सांगायचे तर मीही.

जवळच एक कोळीण बाई शिंपल्या उकरत होती. साडेआठच्या सुमारास तिने आपली टोपली उचलली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “साहेब, पोरांना घेऊन वळा आता.”

मी म्हणालो, “मावशी, पाणी तर केवढे लांब आहे अजून.”

ती म्हणाली, “पुढनं नाय येत पाणी. मागनं येतं.”

मी हसलो. पाणी समुद्रातून येणार, म्हणजे समोरून येणार, एवढे मला कळत होते! आणखी अर्धा तास आम्ही तिथेच रमलो. नंतर वळून पाहिले, तर मघाचा तो चर भरून वाहत होता. समोरची लाट अजून दूरच होती. चर दोन्ही टोकांनी समुद्राला मिळालेला होता, म्हणून पाणी आधी तिथे शिरले होते. मोठ्या मुलांच्या कमरेला लागले. माझी सहा वर्षांची पुतणी मी खांद्यावर घेतली. मधोमध माझा पाय घसरला आणि दोघेही पाण्यात पडलो. काठावर थांबलेली ती बाई आणि तिचा नवरा टोपली टाकून धावत आत आले. नवऱ्याने पोरीला उचलले, बाईने बाकीच्यांची हातात हात अशी साखळी करून एकेकाला बाहेर काढले. पोरीच्या नाकातोंडात पाणी गेले होते. ती खोकली, रडली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मावशी मला रागे भरली नाही. तिने एवढेच विचारले, “तिथी बघून नाय आलात?”

त्या दिवशी वाळूवर बोटाने रेघोट्या मारून तिने मला जे शिकवले, तेच आता तुम्हांला सांगतो.

तिथीचा हिशेब

भरती-ओहोटी दिवसातून दोन दोन वेळा येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पाऊण तासाहून थोडी अधिक मागे सरकते. म्हणून हिशेब सोपा आहे. पंधरवड्यातली तिथी घ्या, तिला तीनाने गुणा आणि चाराने भागा. आले ते भरतीचे तास, दुपारचे आणि रात्रीचेही.

उदाहरण घ्या. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. भरती सुमारे सहाला, आणि ओहोटी दुपारी बाराच्या पुढे. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. भरती दुपारी अकरा-बाराच्या दरम्यान, ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे सकाळची ओहोटी पावणेआठला.

हा हिशेब मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्याचा आहे, आणि तोही अंदाजाचा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. जाण्याआधी स्थानिक कोळी बांधवांना विचारावे, किंवा छापील वेळापत्रक पाहावे.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. ते उधाण. आपल्या भागात उधाणाला पाण्याच्या चढउतारात पंधरा फुटांच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास फरक थोडा असतो, तो भांग. उधाणाचा खरा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी असतो, आणि तेव्हाच किनारा सगळ्यांत जास्त उघडा पडतो.

म्हणून मुलांना न्यायला उत्तम दिवस म्हणजे प्रतिपदा, द्वितीया, तृतीया, आणि वेळ सकाळची. दिवाळीची भाऊबीज पाहा. कार्तिक शुद्ध द्वितीया, शाळेला सुटी, पावसाळा सरलेला, बहीण-भाऊ एकत्र जमलेले आणि सकाळी पावणेआठच्या सुमारास ओहोटी. फराळ करा आणि पोरांना घेऊन निघा, अशी वेळ निसर्गानेच आखून दिली आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाणी वळल्यावर ते सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात अगदी थोडे चढते. एकूण चढायचे बारा वाटे धरले, तर पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन. म्हणजे माणूस पहिला तास पाहून निर्धास्त होतो आणि तिसऱ्या तासात अडकतो. माझे नेमके हेच झाले. तेव्हा ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोचा, पाणी उतरत असताना पाहून घ्या, आणि पाणी वळले की तुम्हीही वळा. वाटेतला चर ओलांडून पलीकडे जाऊच नका. खाडीच्या मुखाशी ओढ जबर असते, तिथे पाण्यात उतरू नये. बावखळात पोहायला शिकलेल्या पोराला समुद्राची भीती वाटत नाही, आणि आपण भ्यावे ते नेमके त्यालाच. बावखळाचे पाणी जागच्या जागी असते, समुद्राचे पाणी ओढून नेते.

सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत

अर्नाळा, राजोडी, भुईगाव, वसई, कुठेही गेलात तरी सुरूची झाडे लागतात. तिथून सुरुवात करा आणि सावकाश पाण्याकडे चला. शेतात जसा बांध, वरकस आणि खाचर, तसे किनाऱ्याचेही पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्यातली वस्ती निराळी.

वरच्या कोरड्या वाळूत मूठभर रुंदीची बिळे दिसतील. ती वाळूच्याच रंगाच्या खेकड्याची. त्याचे डोळे दांड्यांवर उभे असतात, त्यामुळे त्याला चहूकडचे दिसते. तुम्ही पाऊल टाकलेत की तो बिळात गेलाच. मुलांना पाच मिनिटे अगदी गप्प बसायला सांगा, तो पुन्हा वर येईल. त्याचे बीळ तिरके आणि खोल असते, कारण श्वास घ्यायला त्याला कल्ले ओले ठेवावे लागतात आणि ओल खाली असते.

थोडे पुढे, मागच्या भरतीने सोडलेल्या कचऱ्याची रांग लागते. त्यात पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची एखादी वडी सापडेल. हे समुद्रफेन. नावात फेन असला तरी तो फेस नाही. माकूल नावाच्या प्राण्याच्या पाठीतला तो सांगाडा आहे. त्यात बारीक कप्पे असतात आणि त्यांच्या जोरावर माकूल पाण्यात हवे तिथे तरंगते. माकुलाला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळसर असते, असे सांगितलेत की मुले तोंडात बोट घालतील.

त्याच रांगेत शिंपल्या गोळा करताना एखादीला वरच्या बाजूस अगदी गोल भोक पडलेले दिसेल, जणू सुताराने गिरमिटाने पाडले आहे. पोरी अशा शिंपल्यांची माळ करतात. ते भोक म्हणजे एका खुनाची खूण आहे! गुळगुळीत गोल शंखाची एक गोगलगाय वाळूखाली फिरते, शिंपलीला धरते, आम्ल सोडून आणि खरबरीत जिभेने घासून भोक पाडते आणि आतला जीव खाते. ह्याच गोगलगाईची अंडी वाळूच्या कॉलरसारखी दिसतात. शर्टाची फाटकी कॉलर किंवा रबराचा तुकडा समजून मुले ती उचलतात. तिच्यात हजारो अंडी असतात, ती होती तिथेच ठेवावी.

मग येते ओली, सपाट वाळू, आणि तिच्यावर ती रांगोळी. लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. वाटाण्याएवढा एक खेकडा ओहोटी लागली की बिळातून वर येतो. वाळू तोंडात घेतो, तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे शेवाळ आणि सेंद्रिय अंश खाऊन घेतो, आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून चारी दिशांना गोळ्यांच्या ओळी तयार होतात. भरती येऊन सगळे पुसून टाकते आणि पुढच्या ओहोटीला तो पुन्हा कामाला लागतो. आपल्या शेतातले गांडूळ मातीत जे करते, त्याच जातीचे हे काम.

वाळूतून वर आलेल्या नळ्याही पाहा. बोटभर उंच, वर शिंपल्यांचे तुकडे आणि काटक्या चिकटवलेल्या. त्या नळीत एक किडा राहतो. आपल्या गोठ्याला आपण कुडाची भिंत करतो, तशी त्याने स्वतःला केलेली ती भिंत आहे.

आणि एखादा शंख चालू लागला, तर समजा की त्यात गोगलगाय नाही, खेकडा आहे. त्याच्या पोटाचा भाग मऊ असतो, म्हणून तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो. वाढला की मोठे घर शोधतो. आपण किनाऱ्यावरचे सगळे चांगले शंख वेचून घरी आणले, तर ह्या भाडेकरूने जायचे कुठे? हा प्रश्न मुलांना विचारा. उत्तर तीच देतील.

खाडीचा चिखल

वसईच्या दक्षिणेला उल्हास नदीची वसई खाडी आणि उत्तरेला वैतरणेचे मुख. दोन्हीकडे तिवराची झाडी आहे. चिखलात उतरू नका, माणूस मांडीपर्यंत रुततो. धक्क्यावरून किंवा बांधावरून पाहा, तेवढे पुरे.

तिथे निवट्या दिसतील. मासा असून चिखलावर उड्या मारतो. अंग ओले असले की त्याला कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेता येतो. जवळच एक नांगी भली मोठी आणि एक इवलीशी असलेले छोटे खेकडे असतील. मोठी नांगी नराची. ती तो सारखी वर-खाली हलवतो, मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला दटावण्यासाठी.

तिवराच्या बुडाशी पेन्सिलीसारखी मुळे वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते. पाणी साचलेल्या शेतात पीक का पिवळे पडते, हे मुलाला समजावून सांगायला ह्याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही. कोळंबीची आणि कित्येक माशांची पिले ह्याच मुळांच्या आडोशाला वाढतात. तिवर म्हणजे समुद्राची रोपवाटिका. रोपवाटिका मोडून पुढच्या हंगामात पीक येईल का, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे सांगायला नको.

पाहावे, उचलू नये

जिवंत प्राणी घरी आणू नये. बादलीत घातलेला खेकडा किंवा शंख संध्याकाळपर्यंत मरतो आणि दुसऱ्या दिवशी घरभर घाण सुटते. दगड उलटा केलात तर होता तसा पुन्हा ठेवा, त्याच्याखाली कुणाचे तरी घर असते. समुद्री घोडा, प्रवाळ, समुद्री कासवे आणि काही जातींचे शंख ह्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते बाळगणे हा गुन्हा आहे.

काही जीवांपासून दूरच राहावे. जाळ्यातून टाकलेला सापासारखा प्राणी मेलेला वाटला तरी शिवू नये, समुद्रसाप अतिशय विषारी असतो. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे जीव किनाऱ्याला लागतात. फुगा छान दिसतो, पण त्याच्या लांब दोऱ्यांचा डंख भयंकर झोंबतो आणि तो जीव मेल्यावरही डंख होतो. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट बसलेली असते, तिच्या शेपटीला काटा असतो. म्हणून पाण्यात पाय उचलून टाकू नये, घासत चालावे, म्हणजे ती आधीच निघून जाते.

डंख झालाच तर चोळू नका आणि गोड्या पाण्याने धुऊ नका. चिकटलेले दोरे काटकीने काढा आणि समुद्राच्याच पाण्याने धुवा. नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा. पाकटाचा काटा लागला असेल तरीही गरम पाण्यानेच वेदना कमी होते, पण काटा खोल रुतला असेल तर उपटू नका. श्वास लागला, गरगरले, सूज चढत गेली, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. पायात जुने बूट घालावेत. कालवांची धार ब्लेडसारखी कापते.

एक वही आणि एक पेन्सिल

मुलांना शंख आणू द्यायचे नाहीत, तर मग आणू द्यायचे काय? नोंद. एक साधी वही करा. तिथी, वेळ, जागा, काय दिसले, किती दिसले, असे पाच रकाने आखा. चित्र काढता आले तर उत्तम. आपण पावसाची नोंद ठेवतो, तसेच हे. एका वर्षाच्या नोंदीत फारसे कळत नाही, पाच वर्षांच्या नोंदीत किनारा बोलू लागतो.

हे पोरखेळ आहे असे समजू नका. मुंबईत २०१७ साली ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचा उपक्रम सुरू झाला. ओहोटीच्या वेळी साध्या नागरिकांना, मुलांना घेऊन किनाऱ्यावर चालायचे, जे दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. ज्या गिरगाव-जुहूच्या किनाऱ्यावर घाणीशिवाय काही नाही असे लोक म्हणत, तिथून शेकडो जातींच्या जीवांची नोंद झाली. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह ह्या वकिलांनी २०१५ साली कचरा उचलायला आरंभ केला, हळूहळू लोक जमत गेले, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिले निघून समुद्राकडे गेली. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास गावाने तर ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेच्या साथीने २००२ पासून कासवांची अंडी राखली. पूर्वी अंडी खाल्ली जात, आता पिले पाहायला पाहुणे येतात आणि गावातल्या घराघरांत त्यांची जेवणे होतात.

ह्या कामांना प्रयोगशाळा लागली नाही. लागले ते रोज पाहणारे डोळे. ते आपल्या मुलांनाही आहेत.

शेवटी एक विनंती. किनाऱ्यावर गेलात की आधी तिथल्या माणसांशी बोला. जाळे विणणारा म्हातारा, बोंबील वाळत घालणारी बाई, शिंपल्या उकरणारी मावशी, हे त्या शाळेतले गुरुजी आहेत. शेतीतले जाणते आपण स्वतःला समजतो आणि आपला सल्ला न ऐकणाऱ्याला हसतो. किनाऱ्यावर आपण पहिलीतले विद्यार्थी असतो, हे मुलांसमोर कबूल करायला लाजू नये.

माझी ती पुतणी आता स्वतः आई आहे. मुलगा ‘समुद्रावर जाऊ या’ म्हणाला की ती कपडे नंतर काढते, आधी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे जाते आणि त्यालाच विचारते, “आज तिथी कोणती?” त्याने तीनाने गुणून चाराने भागून उत्तर दिले, तर निघायचे. चुकले, तर पुन्हा गुणायचे.